गळ्याआधी कान : प्राथमिक शाळेतले संगीत

मराठी प्राथमिक शाळेचा दिवस गाण्याने सुरू होतो. परिपाठात राष्ट्रगीत, प्रार्थना आणि समूहगीत असते. २०२३ मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा दर्जा मिळाल्यापासून त्यात आणखी एका गीताची भर पडली आहे. वर्गात गेल्यावर पाढे होतात, तेही दोन-तीन सुरांच्या ठरलेल्या हेलावर. कविता चालीवर म्हटली जाते. मैदानावर लेझीम घुमते आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरला जातो. गाणेबजावणे असे दिवसभर चालू असते, वेळापत्रकात मात्र ‘संगीत’ हा शब्द क्वचितच सापडतो. कला या विषयाच्या पोटात, चित्रकला, नृत्य आणि नाट्य यांच्या शेजारी त्याने अंग चोरून बसायचे, अशी रीत आहे.

हा विषय शिकवायचा कोणी, याचे उत्तर कायद्यातच अर्धवट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला असा निदेशक नाही. म्हणजे भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकवणाऱ्या वर्गशिक्षकानेच गाणेही शिकवायचे. दोन शिक्षकांच्या शाळेत तर तोच मुख्याध्यापक असतो आणि खिचडीचा हिशेबही तोच ठेवतो. ‘संगीत शिक्षक नाही, म्हणून संगीत नाही’ ही तक्रार त्यामुळे सर्रास ऐकू येते. ती निम्मीच खरी आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एकदा येणाऱ्या गवयापेक्षा रोज दहा मिनिटे गाऊन घेणारे आपले बाई किंवा गुरुजी जास्त उपयोगी पडतात. त्यांना राग-रागिण्या ठाऊक नसल्या तरी चालते. मुलाचा आवाज कुठे लागतो आणि सूर त्याच्या कानात कसा बसतो, एवढे ठाऊक असायला हवे.

मुलाचा गळा म्हणजे मोठ्या माणसाच्या गळ्याची छोटी प्रत, असे समजून चालल्याने बहुतेक गोंधळ होतो. पहिलीतल्या मुलाच्या स्वरतंतूंची लांबी प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंच्या निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळे त्याचा आवाज उंच असतो आणि त्याचा आवाकाही लहान असतो. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक हा ‘सा’ धरला, तर तिथपासून ‘प’ किंवा ‘ध’पर्यंतचे पाच-सहा सूर सहा वर्षांच्या मुलाला सहज लागतात. चौथीपर्यंत तोच गळा वरच्या ‘सा’पर्यंत आणि थोडा त्याच्याही पुढे जातो. मुलामुलींच्या आवाजात या वयात फारसा फरक नसतो. मुलग्यांचा आवाज फुटतो तो पुढे, माध्यमिक शाळेत.

शिक्षकाची पट्टी आणि मुलांची पट्टी यांचा मेळ बसत नाही, ही सगळ्यात नेहमीची अडचण आहे. शास्त्रीय गाणे शिकलेल्या बाई बहुधा काळी चार किंवा काळी पाचला गातात. तो ‘सा’ लहान मुलांना फार खाली पडतो, आणि वर्ग गाण्याऐवजी पुटपुटू लागतो. गुरुजींची गोष्ट वेगळी. ते काळी एकला गायले, तर मुलांना तोच सूर एक सप्तक वर घ्यावा लागतो. बहुतेक मुले तो आपोआप घेतात. पण काही मुले गुरुजींच्याच खर्जात शिरू पाहतात आणि घशातून घरघर काढतात. लहान मुलांना पुरुषी आवाजापेक्षा बाईच्या आवाजातला सूर उचलणे सोपे जाते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून पुरुष शिक्षकाने अवघड ओळ एकदा आवाज चोरून वरच्या सप्तकात म्हणून दाखवावी, किंवा ज्या मुलीला तो सूर नेमका लागतो तिला म्हणायला सांगावे. त्यात कमीपणा काही नाही.

राष्ट्रगीतावरून हे चटकन पटते. त्याची चाल मंद्र ‘नी’ला स्पर्श करते आणि शेवटच्या जयघोषात तार ‘सा’पर्यंत पोचते. एका सप्तकाहून जराशी मोठी अशी ती उडी आहे. सुरुवातीचा ‘सा’ पांढरी एक किंवा काळी एकवर धरला, तर चौथीतल्या मुलांच्या गळ्यात ती नीट मावते. बहुतेक शाळांत मात्र रांगेतल्या सर्वांत खणखणीत आवाजाच्या मुलाला पुढे उभे केले जाते. तो जोशात वरून उचलतो आणि शेवटाला सगळी शाळा किंचाळते. एखादा दिवस उलटे होते. पेंगुळलेल्या सुरुवातीमुळे खालचा सूर कुणालाच सापडत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. सुरुवात करण्याआधी पेटीचा किंवा मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा एक सूर सर्वांना ऐकवायचा आणि तो मनात धरायला दोन क्षण द्यायचे.

‘मोठ्याने म्हणा’ ही वर्गातली सूचनाही या संदर्भात घातक आहे. जोर लावला की मुले छातीतून ओरडतात. त्याने सूर ताणला जातो आणि शेजारच्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येऊन आवाज बसतो, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नेहमी दिसते. ‘गोड म्हणा’ किंवा ‘शेजारच्याचे ऐकू येईल इतकेच म्हणा’ असे सांगितले, तर काम होते.

मग येतात बेसूर मुले. प्रत्येक वर्गात चार-पाच जण एकाच सुरावर रेटत राहतात. ‘तुझा आवाज भसाडा आहे, तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती प्रौढांनी लहानपणी ऐकले असेल, याची मोजदाद नाही. या वाक्याने होणारे नुकसान पक्के असते. ज्यांना सुरांतला फरक जन्मतःच कळत नाही अशी माणसे अगदी थोडी. बाकीच्यांच्या कानाला आणि गळ्याला एकमेकांची सवय झालेली नसते, एवढेच. ती सवय गाऊनच होते. ओठ हलवून ती होत नाही. अशा मुलासाठी आधी त्याचाच सूर पकडायचा. तो ज्या सुरावर बोलतो तिथे शिक्षकाने जायचे, तिथे दोघांचा आवाज जुळला की त्याला जुळण्याची चव कळते, आणि मग एकेक सूर वर सरकायचे. कुत्र्याचे केकाटणे, रुग्णवाहिकेचा भोंगा, विहिरीत टाकलेल्या हाकेचा लांबलेला आवाज अशा नकला केल्या, तर ‘मला वर जाता येत नाही’ म्हणणारा मुलगाही नकळत वर जातो. वर्षभरात यातली बहुतेक मुले ओळीत येतात.

लय शिकवणे त्या मानाने सोपे, कारण ती मुलांच्या अंगात आधीच असते. चालणे, दोरीवरच्या उड्या, झिम्मा, फुगडी, टिपऱ्या ही सगळी लयीची कामे आहेत. लेझीम तर याबाबतीत महाराष्ट्राच्या शाळेचे मोठे भांडवल आहे. आठ आकड्यांचे आवर्तन, हलगीचा ठेका आणि पन्नास मुलांनी एकाच क्षणी वाकणे, यांतून जे शिकले जाते ते फळ्यावर शिकवता येत नाही. त्याच आठ आकड्यांवर केरव्याचे ‘धा गे ना ती न क धी ना’ हे बोल बसवले की मुलांना पहिला ताल मिळतो. सहा मात्रांचा दादरा झोपाळ्याच्या गाण्यांबरोबर घ्यावा. कोणता ताल आहे हे ओळखण्याआधी मुलांनी त्यावर चालावे, टाळ्या द्याव्यात आणि खालीच्या जागी हात हवेत फिरवावा. समेवर सगळ्यांचा हात एकत्र पडला की वर्गात हसू उमटते. ताल समजल्याची एवढी पावती पुरते.

सुरांची नावे यानंतर येतात. आपल्याकडे नेमकी इथे घाई होते. अनेक वर्गांत संगीताचा पहिलाच धडा ‘सा रे ग म प ध नी सा’ हा असतो आणि मुले तो अक्षरमालेसारखा घोकतात. कानात सूर नसताना तोंडात नाव आले, तर ‘ग’ म्हणताना गळा ‘रे’वरच असतो आणि तसे झाल्याचे कुणाला कळतही नाही. आधी सहा-सात महिने नुसती गाणी व्हावीत. मग त्याच गाण्यांतले तीन सूर वेगळे काढून त्यांना नाव द्यावे. ‘सा’ला हात कमरेशी, ‘रे’ला छातीशी, ‘ग’ला खांद्याशी अशी उंची ठरवली, तर पहिलीतली मुलेसुद्धा हाताकडे पाहून सूर लावतात. पलटे त्यानंतर करावेत, आणि तेही खेळासारखे. एका रांगेने वर जायचे, दुसरीने खाली यायचे.

हा क्रम पद्धतशीरपणे शाळांत आणण्याचे श्रेय हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांना जाते. कोदाय आणि त्यांचे मित्र बेला बार्टोक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी फिरून हजारो लोकगीते गोळा केली. पुढे कोदाय यांचा आग्रह असा राहिला, की मुलांचे संगीतशिक्षण वाद्याने सुरू होऊ नये. ते गळ्याने, आणि परक्या गाण्यांऐवजी मातृभाषेतल्या लोकगीतांनी सुरू व्हावे. १९५० मध्ये केचकेमेत या त्यांच्या जन्मगावी अशी पहिली संगीत-प्राथमिक शाळा उघडली. तिथे इतर विषयांबरोबर गाणेही मुख्य विषय होता. पुढे अशा शाळा हंगेरीभर झाल्या. हंगेरीतल्या या लोकसंगीत-जतनाच्या कामाची २०१६ मध्ये युनेस्कोनेही नोंद घेतली.

कोदाय पद्धतीतली बरीचशी हत्यारे उसनी होती. हातांच्या खुणा इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांच्याकडून घेतल्या होत्या, तर लयीचे बोल फ्रान्समधून आले होते. तिथला ‘दो’ कोणत्याही उंचीवर धरता येतो. ही सोय युरोपात मुद्दाम करून घ्यावी लागली, कारण तिकडे स्वरांची उंची ठरलेली असते. भारतीय मुलाला ती जन्मजात मिळते. आपला ‘सा’ नेहमीच गाणाऱ्याच्या सोयीचा असतो. लयीच्या बोलांचेही तसेच. हंगेरीतली मुले एका मात्रेला ‘ता’ आणि अर्ध्या-अर्ध्याला ‘ति-ति’ म्हणतात. आपल्याकडे एका मात्रेत ‘धा’, दोन भागांत ‘धागे’ आणि चार भागांत ‘तिरकिट’ तबल्याने कधीचेच देऊन ठेवले आहे. म्हणून कोदाय यांच्याकडून घ्यायचे ते आपल्या गाण्यांपासून सुरुवात करण्याचे तत्त्व, हत्यारे नव्हेत. नाहीतर त्यांचे नाव घेऊन महागड्या शाळांत परदेशी गाणी शिकवली जातात. ते पाहून खुद्द कोदाय अस्वस्थ झाले असते.

आणखी एक जुळणारी गोष्ट आहे. जुनी हंगेरियन लोकगीते पाच सुरांची आहेत, आणि कोदाय यांनी मुलांसाठी सुरुवातीला तेच पाच सूर निवडले. भारतीय शिक्षणातही आरंभीच्या रागांत ‘सा रे ग प ध’ एवढ्या पाच सुरांचा भूप असतो. याला कारण आहे. ‘ग’ आणि ‘म’ किंवा ‘नी’ आणि ‘सा’ यांच्यातले अंतर अर्ध्या सुराचे असते, आणि कोवळ्या कानाला ते पकडणे कठीण जाते. भूपात असे अर्धे अंतर एकही नाही. त्यामुळे त्यातल्या पाच सुरांत मुले स्वतःची चालही बांधू शकतात आणि ती फारशी विसंगत होत नाही. तिसरीच्या वर्गाला दोन ओळींची कविता देऊन ‘भूपातल्या सुरांत हिला चाल लावा’ असे सांगितले, तर येणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

एकाच वर्गात पुष्कळ मुलांना संगीत शिकवायचे, ही कल्पना भारतात तशी नवी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि क्रमिक पुस्तके तयार केली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले. घराण्यातल्या गुरूच्या घरी राहून एकेकट्याने शिकायचे गाणे त्यांनी घंटा, वर्ग आणि परीक्षा यांच्या चौकटीत आणले, आणि नवशिक्या मुलांसाठी छोटी पुस्तकेही छापली. विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीत लिहिलेल्या सहा भागांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’ने पुढचा पाया घातला. फळ्यावर आज जे स्वरलेखन दिसते, म्हणजे कोमल सुराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली आणि तारसप्तकाला वर टिंब, ते भातखंडे पद्धतीचे.

पलुस्कर आणि भातखंडे यांच्या कामामुळे मध्यमवर्गीय घरांतली मुले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुली, उघडपणे गाणे शिकू लागल्या. पण त्यातून परीक्षांची शिडीही उभी राहिली. तिसरी-चौथीतली मुले ‘प्रारंभिक’च्या परीक्षेला बसतात, आणि काही क्लासमध्ये नाद, श्रुती, थाट यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. आठ वर्षांच्या मुलाने थाटाची व्याख्या म्हणणे यात संगीत काहीच नाही. स्वरलेखन तिसरीच्या आधी आणू नये. आधी फळ्यावर टिंबांची चढउतार काढावी, मग अक्षरे लिहावीत. मूल आपले ओळखीचे गाणे स्वरांत लिहू लागले की लिपी त्याच्या कामी येऊ लागली असे समजावे.

गोव्याचा अनुभव याबाबत विचार करायला लावणारा आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या जोडीने पॅरिश शाळा चालत. त्यांत गावातली मुले लहान वयातच सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, कागदावरून वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. शिकवणारा ‘मेस्त’ चर्चमधल्या गायनाचीही जबाबदारी सांभाळे. हेतू धार्मिक होता आणि शिस्त कडक होती. परिणाम मात्र पुढे मुंबईत दिसला. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वर्षानुवर्षे व्हायोलिन, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत गोमंतकीयांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती, कारण समोर ठेवलेला कागद पाहून ते तत्काळ वाजवू शकत. गावातल्या सर्व मुलांना लहानपणी एक गोष्ट नीट शिकवली तर काय होते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण आपल्या आसपास दुसरे नाही.

हार्मोनियमबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके या पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवले होते, आणि तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, काढता येत नाही ही शास्त्रीय गायकांची तक्रार रास्त आहे. प्राथमिक शाळेत अडचण वेगळी असते. पेटी मोठ्याने वाजते आणि मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. भाता मारणाऱ्या शिक्षकाचे डोळे पट्ट्यांवर असतात, मुलांकडे नसतात. सुरुवातीचा सूर द्यावा, ओळ एकदा वाजवून दाखवावी आणि हात बाजूला घ्यावा. स्पीकरवरच्या तयार ट्रॅकची कथा आणखी वाईट आहे. तो बहुधा प्रौढ गायकाच्या पट्टीत असतो आणि मुलांसाठी थांबत नाही. टाळ, चिपळ्या, घुंगरू, डफ, पाण्याने कमी-जास्त भरलेले पेले ही वाद्ये शाळेला परवडतात आणि प्रत्येकाच्या हाती येतात.

गाणी निवडताना अंगणातली आधी घ्यावीत. भोंडल्याची गाणी, ओव्या, पाळणे, बडबडगीते, वारीतला टाळांच्या ठेक्यावरचा नामघोष यांचे सूर थोडे, पुनरावृत्ती भरपूर आणि शब्द घरचे असतात. आजीला येणारे गाणे मुलाने शाळेत आणावे, असा गृहपाठ द्यायला हरकत नाही. वऱ्हाड, खानदेश, कोकण आणि डांग इथली गाणी वेगवेगळी येतील, आणि पाठ्यपुस्तकाने सगळीकडे पोचवलेल्या एकाच चालीपेक्षा ती मोलाची आहेत.

शाळेतल्या संगीताचे सर्वाधिक नुकसान स्नेहसंमेलन करते, असे म्हटले तर अनेकांना राग येईल. पण डिसेंबर जवळ आला की आठ सुरेल मुले निवडली जातात, त्यांना महिनाभर एकच गाणे घोटवले जाते आणि उरलेल्या मुलांचा तास बुडतो. दूरचित्रवाणी वाहिन्यांवरच्या बालगायकांच्या स्पर्धांनी या ओढीला खतपाणी घातले. ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’सारख्या कार्यक्रमांमुळे मराठी घरांत मुलांच्या गाण्याचे कौतुक वाढले, हे चांगलेच झाले. त्याच वेळी नाट्यगीत आणि लावणी तयारीने गाणारे दहा वर्षांचे मूल हाच मापदंड ठरला. तसे मूल लाखात एखादे असते, आणि शाळा त्याच्यासाठी नसते.

संगीताने गणित सुधारते, बुद्धी वाढते, अशीही जाहिरात पालकांसमोर केली जाते. तिचा उगम बहुतांशी १९९३ मधल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्झार्टचे संगीत ऐकवले होते आणि आकृत्या ओळखण्याच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोड्या वेळापुरते वाढले होते. मुलांचा त्यात संबंधच नव्हता. तरी पुढे वाढीव बुद्धीच्या नावाने सीडी विकल्या गेल्या. गाणाऱ्या मुलाचा कान तयार होतो, शब्दांतले बारीक आवाज त्याला चटकन वेगळे कळतात, कविता लवकर पाठ होते आणि इतरांबरोबर थांबून-ऐकून काम करण्याची सवय लागते. एवढे पुरेसे आहे. गणितासाठी गणितच करावे लागते.

कला विषयाला प्राथमिक शाळेत लेखी परीक्षा नाही, नोंदवहीत श्रेणी दिली जाते. त्यामुळे शिक्षकाला मोकळीक आहे, आणि टाळाटाळीलाही वाव आहे. चौथीच्या अखेरीला मुलाकडून काय अपेक्षा करावी, हे ठरवून घेतले तर दोन्ही गोष्टी मार्गी लागतील. वर्गातल्या प्रत्येक मुलाने दिलेल्या ‘सा’वर राष्ट्रगीत सुरू करून त्याच पट्टीत संपवावे. केरवा आणि दादरा हाताने धरता यावा. भूपाचे पाच सूर ऐकून ओळखावेत आणि त्यांत दोन ओळींची चाल बांधता यावी. वीस-पंचवीस गाणी पाठ असावीत, आणि त्यांतली निदान पाच आपल्या तालुक्यातली. मुख्याध्यापकांनी परिपाठाला जोडून रोज दहा मिनिटे यासाठी राखून ठेवावीत आणि येत्या संमेलनात मंचावर वर्गातली सगळी मुले उभी करावीत, भसाडी समजली जाणारीही.